विश्लेषण : सायप्रसची तहान एक, नळ मात्र दोन
सायप्रस हे भूमध्य समुद्रातील बेट आकाराने गोव्याच्या जेमतेम अडीच पट. उत्तर किनाऱ्यालगत किरेनियाची अरुंद डोंगररांग, नैर्ऋत्येला ट्रूडोस पर्वत आणि मधे मेसाओरियाचे मैदान. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. उन्हाळा लांब आणि कोरडा.

१९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने येथे उठाव झाला आणि तुर्कीने सैन्य उतरवले. तेव्हापासून उत्तरेचा सुमारे ३६ टक्के भूभाग वेगळा आहे. १९८३ मध्ये तेथे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर झाले, पण तुर्कीखेरीज कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील सुमारे १८० किलोमीटरचा पट्टा राजधानी निकोसियाच्याही मधोमध जातो.

फाळणीचा खरा चटका बसतो तो पाण्याला. २००८ च्या दुष्काळात दक्षिणेने ग्रीसमधून जहाजांनी पाणी आणले. एरवीही समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर तिची मोठी भिस्त असते. उत्तरेला २०१५ पासून तुर्कीतून समुद्राखालच्या वाहिनीने पाणी मिळते. पण दक्षिणेने त्यातले घ्यायचे, तर उत्तरेच्या प्रशासनाला मान्यता दिल्यासारखे होईल, ही अडचण!

सांडपाण्याबाबत असा मानापमान परवडणारा नव्हता. जमिनीचा उतार उत्तरेकडे, त्यामुळे निकोसियाच्या दोन्ही बाजूंच्या नगरप्रमुखांनी फाळणीनंतर काही वर्षांतच संयुक्त व्यवस्था उभारली. दक्षिणेच्या सांडपाण्याचा काही भाग आजही सीमेपलीकडच्या प्रकल्पात जातो.