अंगणातली मॅटॅडोर आणि परिग्रहाचे पाच अतिचार



आमच्या घरामागच्या अंगणात कडुनिंबाखाली एक मॅटॅडोर पिकअप आठ वर्षं उभी होती. नंबर एमएच २२ चा. म्हणजे १ मे १९९९ ला आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्याही आधीची गाडी. माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, हळदीची पोती मोंढ्यात न्यायला ती घेतली होती. दादा गेले आणि गाडी जिथं होती तिथंच राहिली. या हिवाळ्यात आम्ही ती घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा पाठशाळेतल्या एका ताईंनी मला सरळच विचारलं, "एकीकडे मुलांना अपरिग्रह शिकवता आणि दुसरीकडे भंगारावर पैसे घालता? हे कसं?"

ताईंचा प्रश्न चुकीचा नाही. मीही तो स्वतःला विचारला होता. पण विचार करता करता मला वाटलं, आमचा दोष गाडी दुरुस्त करण्यात नव्हता. आठ वर्षं ती नुसती ठेवून दिली, त्यात होता.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्यात उमास्वामी आचार्य परिग्रह म्हणजे मूर्च्छा असं सांगतात. वस्तू किती आहेत यापेक्षा मन त्यांत किती अडकलंय, हे बघायचं. आता आमच्या घरचं बघा. दादांच्या तिन्ही मुलांपैकी कुणी ती गाडी चालवत नव्हतं, कुणी धूत नव्हतं. पण भंगारवाला दोनदा आला, तेव्हा दोन्ही वेळा "दादांची गाडी आहे" म्हणून त्याला परत पाठवलं. जपायचं नाही आणि सोडायचंही नाही. याला आठवण म्हणत होतो आम्ही. मला विचाराल तर ही मूर्च्छाच होती.

आणि पडून राहिलेली वस्तू निरुपद्रवी असते, हा आपला मोठा गैरसमज आहे. आमच्या गाडीच्या हौद्यात आणि टायरमध्ये दर पावसाळ्यात पाणी साचायचं, त्यात डासांच्या अळ्या. सीटखाली उंदरांचं घर. मीटरच्या मागे गांधीलमाश्यांचं पोळं. इंजिनातून ठिबकलेल्या तेलानं खालची माती काळी पडलेली. आपणच जीवांना तिथं जागा करून देतो आणि मग एक दिवस साफसफाईच्या नावाखाली सगळ्यांचा घात करतो. अनर्थदंडात प्रमादचर्या सांगितली आहे, ती काही फक्त नळ उघडा ठेवण्यापुरती नाही. अंगणात बेपर्वाईनं पडलेली गाडी हीसुद्धा प्रमादचर्याच.

म्हणजे मार्ग दोनच उरतात. नीट करून वापरा किंवा नीट निरोप द्या. तिसरा, म्हणजे "राहू दे पडून", हा श्रावकाचा मार्ग नाही.

आम्ही पहिला मार्ग घेतला, पण एक कसोटी लावून. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. पाचांतले दोन वाहनाशी आणि ओझ्याशीच जोडलेले! मुळात ते बैलाघोड्यांना ताकदीबाहेर दामटण्याबद्दल आहेत, पण आजच्या घरालाही तंतोतंत लागू पडतात.

अतिवाहन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पळवणं. म्हणून गाडी कशासाठी काढायची ते आधी ठरवलं: हळदीच्या दिवसांत वसमतच्या बाजारात माल न्यायला, गोशाळेला चारा पोचवायला, आणि वसमतच्या वाटेवर शिरडशहापूरला मल्लिनाथ भगवानांच्या दर्शनाला. भाड्यानं द्यायची नाही. दिवेलागणीनंतर काढायची नाही, कारण रात्री दिव्यावर येणारे जीव काचेवर किती मरतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

अतिसंग्रह. मोठ्या दीरांकडे एक जुना टेम्पो होता, तो आधी विकला आणि मगच या कामाला हात लावला. एक आलं की एक गेलं पाहिजे.

विस्मय, म्हणजे दुसऱ्याचं वैभव बघून भुलणं. हे माझ्या मुलासाठी. तो मोबाइलवर व्हिडिओ बघून रुंद टायर, रंगीत दिवे आणि कर्णकर्कश हॉर्न मागत होता. त्याला सांगितलं, आजोबांची गाडी होती तशी उभी करायची, मिरवायची नाही.

लोभ. ६० हजारांची मर्यादा आधीच वहीत लिहिली आणि खाली तिन्ही भावांच्या सह्या घेतल्या. मर्यादा ओलांडली की काम थांबवायचं.

अतिभारवहन. कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भरायचं. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, यात्रेलासुद्धा नाही.

आता कामाबद्दल. मैत्रिणींनो, हे काम पुरुषांचं म्हणून सोडून देऊ नका. स्पॅनर मिस्त्रींच्या हातात असू दे, पण जयणा आपल्या हातात आहे. चातुर्मासात आम्ही गाडीला हातच लावला नाही. त्या दिवसांत तिथं सगळ्यात जास्त जीव असतात. दिवाळीनंतर आधी नुसती दारं उघडी ठेवली. उंदरांची पिल्लं डोळे उघडून आपापली निघून जाईपर्यंत तीन आठवडे थांबलो. थंडीत पोळं रिकामं झालं, मगच काढलं. मऊ कुंच्यानं झाडलं, पाण्याचा फवारा शेवटी. काम फक्त उजेडात. जुनं डिझेल, काळं ऑइल, पार्ट धुतलेलं रॉकेल, सगळं डब्यात जमा करून गॅरेजवाल्यांकडे दिलं. एक थेंब मातीवर नाही. फाटलं रेक्झिन आणि जुने टायर जाळायचे नाहीत, हे मुलांना दोनदा बजावलं.

मिस्त्रींनी एक गोष्ट शिकवली ती तुम्हालाही सांगते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला लगेच बॅटरी जोडून सेल्फ मारायचा नाही. त्यांनी हीटर प्लग काढून आत थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस थांबले आणि मग इंजिन हातानं फिरवून पाहिलं. ते फिरलं तेव्हा आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटे भाग मिळाले, कारण याच जातीचं इंजिन पुढे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही चाललं. आणि हो, या गाड्या बनवणारी बजाज टेम्पो १९५८ मध्ये उभी करणारे नवलमल फिरोदिया हे नगरचे, आपल्याच जैन समाजातले आणि स्वातंत्र्यसैनिक. मुलांना हे माहीत नव्हतं. गाडीच्या निमित्तानं त्यांना तेही कळलं.

पण हौसेच्या आधी कागद बघा, हे माझं आग्रहाचं सांगणं. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. घरातल्या सगळ्या वारसांची मनं तिथंच कळतात! मग फिटनेस, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. आरटीओत एक चक्कर मारून सगळ्या खर्चाचा अंदाज घ्या. जुन्या गाडीच्या फिटनेसची फीही आता बरीच वाढली आहे. कागद होणार नसतील, चासी गंजून पोकळ झाली असेल, तर मोह करू नका. ती मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्या, रीतसर प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करा. नुसती भंगारवाल्याला दिली आणि तिचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरला, तर त्या पापात आपलाही वाटा.

ताईंना मी एवढंच म्हटलं: दुरुस्ती ही काही धर्मक्रिया नाही, आणि डिझेलची गाडी चालवण्यात आरंभ आहेच. तो मी नाकारत नाही. पण माल तर न्यावाच लागतो. नवी गाडी घेतली असती तर नवं लोखंड, नवं कर्ज आणि अंगणात ही जुनी तशीच. जे आहे ते जपून, मोजून वापरणं आणि वेळ आली की हात सोडणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. तो शेवटचा भागही आम्ही वहीत लिहून ठेवलाय: ज्या वर्षी फिटनेस मिळणार नाही, त्या वर्षी गाडी जाईल. तेव्हा "दादांची आहे" असं कुणी म्हणायचं नाही.

सासूबाई यावर काय म्हणाल्या माहितीये? "दादा गाडीत नव्हते गं. रोज संध्याकाळी ती पुसायचे, त्या पुसण्यात होते."

तुमच्याही अंगणात, माळ्यावर काहीतरी उभं असेल. कुणाची स्कूटर, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची बैलगाडी. या आठवड्यात एकदा त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहा आणि स्वतःला विचारा, हे मी जपतेय की नुसतं धरून ठेवलंय?

लिहिताना काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.