मांडवीची जुनी मशीद आणि आपली आत्मस्तुती

मुंबईतील ज्यू प्रार्थनामंदिराचा विषय निघाला की मराठी लेखकाच्या लेखणीतून एक वाक्य हमखास उतरते : जगभर ज्यूंचा छळ झाला, आपण मात्र त्यांना आसरा दिला. वाक्य खोटे नाही. इथे त्यांचा छळ झाला नाही, हे बेने इस्राएलही कृतज्ञतेने सांगतात. माझा आक्षेप त्यातील 'आपण' आणि 'त्यांना' या दोन सर्वनामांना आहे.

मांडवीतील 'शार हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे मुंबईतील पहिले सिनेगॉग. ते १७९६ साली सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. १८६० मध्ये ते जवळच्याच आजच्या जागी आले. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडण्यासाठी त्यांनी ही वास्तू उभारली, अशी आख्यायिका आहे. नवस बोलणारा आणि फेडणारा हा सामाजी 'त्यांच्या'तला कसा? बेने इस्राएल या वास्तूला 'मशीद'च म्हणत आले. शेजारच्या मशीद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असेही सांगितले जाते.

दिवेकर, केहिमकर, राजपूरकर ही आडनावे कोकणच्या गावांची आहेत. गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले : तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. याला सहिष्णुता म्हणावे की जातिव्यवस्थेची वर्गीकरणाची सवय, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

या समाजाने बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने केली. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली. तिच्या चित्रांत वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासांत या पुस्तकाला किती ओळी मिळाल्या? ख्रिस्ती मराठी साहित्याला निदान एक प्रकरण मिळते; यांच्या वाट्याला फार तर तळटीप येते.

हौशी पर्यटक काळा घोड्याचे निळे सिनेगॉग पाहतात. १८८४ सालची ती वास्तू सुंदर आहे, २०१९ मध्ये तिचे जतनकामही उत्तम झाले. पण ती बगदादी ससून घराण्याची. ज्या वास्तूत मराठी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेला जमले, ती मांडवीच्या गर्दीत राहून गेली.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली आणि त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. तरीही तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ साली, उरलेली माणसे मोजकी झाल्यावर.

म्हणून एवढीच विनंती : हे सिनेगॉग आपल्या औदार्याचे प्रशस्तिपत्रक म्हणून मिरवू नये. ज्याने ते बांधले तो पाहुणा नव्हता. त्याची मराठी वाचायचे मात्र आपल्याकडून राहून गेले.