परतीचा पेपर

रॉकेट उडालं की आपण टाळ्या वाजवतो, स्टेटस ठेवतो. यान परत येतं तेव्हा मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. खरं तर अवघड पेपर परतीचाच!

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग असतो ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर. म्हणजे यानाच्या दर किलो वजनामागे जवळपास ३ कोटी ज्यूल ऊर्जा. एवढ्या उष्णतेत १० लिटरहून जास्त पाण्याची वाफ होईल. हा वेग इंजिनाने मारायचा तर प्रचंड इंधन वर न्यावं लागेल. म्हणून इंजिन फक्त कक्षेतून खाली उतरण्यापुरतं वापरतात. बाकीचा ब्रेक लावते हवा.

‘हवेच्या घर्षणाने यान तापतं,’ असं आपण शाळेपासून ऐकतो. मुख्य कारण वेगळंच आहे. यान इतक्या वेगात येतं की पुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तसंच, पण हजारो अंशांनी.

मग यान टोकदार हवं? उलट! १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी दाखवून दिलं की पुढचा भाग बोथट हवा. तापलेल्या हवेची लाट मग यानापासून थोडी दूर राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच जाते. उरलेली झेलते उष्णतारोधक ढाल. कॅप्सूलच्या ढालीचा थर स्वतः जळत, झिजत उष्णता घेऊन जातो. पॅराशूट उघडतात ती अगदी शेवटी.

विज्ञान एवढं पक्कं असूनही १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ परतीच्या वाटेवर तुटलं. कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा जेमतेम पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. ते व्हिडिओत दिसलंही होतं. कक्षेतल्या यानाचे फोटो काढून पंख तपासू, असं काही इंजिनिअर सांगत होते. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही. परतताना पंखाच्या भोकातून तप्त वायू आत घुसला. अपघाताला फोमइतकीच संस्थेतली कार्यसंस्कृतीही जबाबदार आहे, असं चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं.

आपल्या इस्रोने २००७ मध्ये छोटी कुपी कक्षेतून सुखरूप परत आणली, २०१४ मध्ये माणसं नेणाऱ्या कॅप्सूलचा नमुना बंगालच्या उपसागरात उतरवला. ‘गगनयान’मध्ये त्या ढालीमागे आपली माणसं बसलेली असतील.

तुमच्यापैकी काही जण उद्या अशा टीममध्ये असतील. न जमलेलं रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवायची सवय आजच मोडा. ‘सर, हे एकदा परत तपासूया का?’ हा प्रश्न विचारायला आत्ताच शिका. आणि उद्या खुर्चीत बसाल तेव्हा तो प्रश्न विचारणाऱ्या ज्युनियरला गप्प करू नका. ढाल चांगली बनवता येते. पण तिला तडा गेलाय, हे कुणीतरी सांगावं लागतं आणि कुणीतरी ऐकावंही लागतं.