नदीकाठून टेकडीवर

सहलीला गाडीच हवी का? पुण्यात असाल तर चार-पाच जण जमा, एखाद्या ताईला किंवा काकांना बरोबर घ्या आणि सकाळीच ओंकारेश्वरापासून निघा. लकडी पुलावरून मुठा ओलांडा, मग काठाकाठानं म्हात्रे पूल गाठा. उन्हाळ्यात धार एवढीशी! मनात येईल, हिला एवढं मोठं पात्र कशाला?

म्हात्रे पुलावरून परत या, दांडेकर पुलाशी आंबिल ओढा भेटेल. मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा. वरून नीट बघा हं! मुठा येते खडकवासल्याकडून, ओढा कात्रजच्या डोंगरातून. दोघांचं पाणी उतरतं शहरातच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठा बुडाल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीच्या पावसानं ओढ्याला पूर आला, माणसं दगावली. रिकामं दिसणारं पात्र पाण्यासाठी राखलेलं असतं, ते असं!

तुमच्या गावातही नदी नि टेकडी असेल. वर चढा आणि शोधा : पाणी कुठून येतं? त्याच्या वाटेत काय बांधलंय? पावसाळ्यात मात्र पात्रात उतरायचं नाही. मग, कधी निघताय?