मुकादमच नेमतो मुकादम

सुप्रीम कोर्ट सुधारायचं म्हणून पन्नास वर्षं भांडण चाललंय. भांडतंय कोण? सरकार आणि जज. कशावर? जज कोणी निवडायचा यावर. कोणातून निवडायचा, हे दोघंही विचारत नाहीत.

1973 ला इंदिरा सरकारने तीन ज्येष्ठांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठी एकटे एच. आर. खन्ना उभे राहिले. 1977 ला त्यांनाही डावललं. सरकारच्या हातातली निवड ही अशी.

मग 1993 ला नऊ जजांच्या पीठाने निवड आपल्याकडे ओढली. 1998 ला पाच ज्येष्ठांचं कॉलेजियम ठरलं. हा शब्द घटनेत शोधून दाखवा! बाबासाहेबांनी 24 मे 1949 ला घटना समितीत बजावलं होतं : शेवटचा शब्द सरकारकडे नको, सरन्यायाधीशाकडेही नको. तोही माणूसच, माणसाचे सगळे दोष त्यालाही.

2014 ला आयोगाचा कायदा झाला. त्यातल्या दोन मान्यवरांपैकी एक दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्य किंवा स्त्री असणार होती. 16 ऑक्टोबर 2015 ला कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो मोडीत काढला. कायदामंत्र्याला हाकललं, बरं केलं. पण त्याच्याबरोबर आमची खुर्ची का फेकली?

आता हिशेब घ्या. कोर्ट 1950 चं. पहिला दलित जज ए. वरदराजन, 1980. पहिली बाई फातिमा बीवी, 1989. के. जी. बालकृष्णन 2010 ला निवृत्त झाले, त्यानंतर 2019 ला भूषण गवई येईपर्यंत नऊ वर्षं एकही दलित नाही. त्याच नऊ वर्षांत, 20 मार्च 2018 ला, कोर्टाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. 2 एप्रिलला भारत बंद झाला, आपली पोरं मेली. मग संसद हलली, 2019 ला कोर्टालाही ते आदेश मागे घ्यावे लागले. 2025 ला गवई सरन्यायाधीश झाले. टाळ्या वाजल्या. सहा महिन्यांत निवृत्तही झाले. एका माणसाला पुढं करून हिशेब मिटवू नका.

पूर्वी आमच्या गोदीत टोळीवाला आपलीच माणसं कामाला घ्यायचा. 1948 चा कायदा आला, मग नावं रजिस्टरवर चढली, पाळीनं काम मिळू लागलं. ओझं उचलायला रजिस्टर, आणि न्याय करायला बंद दार?

निकष छापा. नावं आधी जाहीर करा. निवडणाऱ्यांत आणि निवडलेल्यांत आमचा वाटा कायद्याने लिहा. मंत्र्याची मेहेरबानी नको, जजाचीही नको.