गावात घर बांधायचं, तर आधी सातबारा दाखवा

हैदराबादच्या आबिड्समध्ये, नामपल्ली स्टेशन रोडवर, तेलंगणाच्या जमीन प्रशासनाचं मुख्य कार्यालय आहे. राज्यातल्या शेतजमिनीच्या नोंदी याच खात्याकडे. आधी 'धरणी' पोर्टल होतं, १४ एप्रिल २०२५ पासून त्याच्या जागी 'भू भारती' आलं. इथे शेत घ्यायचं तर मंडळाच्या तहसीलदाराकडे रजिस्ट्री होते. घेणारा शेतकरी आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

तिथून सुमारे २०० किलोमीटरवर, मदनूर ओलांडून देगलूरला आलं की पहिलाच प्रश्न येतो, 'सातबारा आहे का?' नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा, नाहीतर शेतजमीन विसरा.

हैदराबादेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांना हे फार उशिरा कळतं. निवृत्तीनंतर आजोबांच्या गावी दोन एकर घ्यावं, त्यात घर बांधून राहावं, असा बेत असतो. पैसे असतात, विकणारा तयार असतो. अडतं ते 'शेतकरी' या एका शब्दावर.

एकच कायदा, दोन वाटा

यातली गंमत अशी, की मराठवाड्यातली ही अट ज्या कायद्यात आहे तो कायदा हैदराबादेतच झाला. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०. तेव्हा नांदेड, बीदर आणि आदिलाबाद एकाच राज्यात होते. शेत कायमचं विकायचं तर सरकारी परवानगी लागेल, असं त्यात लिहिलं होतं. हेतू साफ होता, की कुळांच्या हाती आलेली जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये.

१९५६ मध्ये राज्य फुटलं आणि कायद्याच्याही वाटा वेगळ्या झाल्या. आंध्र प्रदेशने १९६९ मध्ये ते परवानगीचं कलम काढून टाकलं. कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला आणि बिगरशेतकऱ्यावरची बंदी २०२० मध्ये उठवली. महाराष्ट्राने मात्र मराठवाड्यात तो कायदा बदल करत चालू ठेवला आणि 'शेत शेतकऱ्यालाच' ही अट कायम राखली. म्हणून आज हैदराबादचा बिगरशेतकरी मराठी माणूस संगारेड्डीत शेत घेऊ शकतो, बीदरला घेऊ शकतो, पण उदगीर-देगलूरला नाही. नियम मोडून घेतलंच, तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

शेतातलं घर कुणाचं?

घराचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 'शेतघर' म्हणजे अवजारं, खत, धान्य ठेवायला, जनावरं बांधायला किंवा शेतमालकाचं कुटुंब, गडी, कुळ यांना राहायला बांधलेली इमारत. म्हणजे घर शेतीसाठी, शेत घरासाठी नव्हे. शनिवार-रविवारचा बंगला या व्याख्येत बसत नाही.

इंग्लंडमध्येही अशी अट असते, पण ती राहणाऱ्यावर असते. घर कुणीही विकत घ्यावं, राहणारा मात्र त्या भागात शेतीत काम करणारा किंवा केलेला, नाहीतर त्याच्या घरचा हवा. त्यामुळे अशी घरं स्वस्त जातात. महाराष्ट्र विकत घेणाऱ्याला अडवतो, इंग्लंड राहणाऱ्याला. तेलंगणात खरेदीच्या वेळी दोघांनाही कुणी अडवत नाही.

दार सताड उघडं ठेवल्याचा परिणाम हैदराबादच्या चहूबाजूंनी दिसतो. शेताचे काही गुंठ्यांचे तुकडे पाडून 'फार्म प्लॉट' म्हणून विकले जातात. रजिस्ट्री होते, पण लेआउटला मंजुरी नसते आणि बांधकामाला परवाना मिळत नाही. असे प्लॉट घेऊ नका, असा इशारा २०२५ मध्ये 'हायड्रा'ने दिला. आदिलाबाद-आसिफाबादच्या अनुसूचित भागात तर बिगरआदिवासीला जमीन घेताच येत नाही, विकणारा बिगरआदिवासी असला तरी. १९७० च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. 'तेलंगणात कुणालाही मिळते' हे वाक्य तिथे लागू नाही.

मग महाराष्ट्राची अट बरोबर का? निम्मीच. ती जन्माने आलेला सातबारा बघते, हातातला नांगर बघत नाही. मुंबईत राहून शेत पडीक ठेवणारा वारस शेतकरी ठरतो, आणि खरंच गावी येऊन कसू पाहणारा नातू बाहेर राहतो. अट हवीच असेल तर ती जमिनीच्या वापरावर हवी. अमुक वर्षं कसा, नाहीतर जमीन परत.

तोवर काय करता येईल

कायदा बदलेपर्यंत सीमेपलीकडच्या कुटुंबांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गावठाणातलं घर किंवा एनए प्लॉट घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. राहायचंच असेल तर हा सरळ मार्ग. दोन, वडिलोपार्जित शेत असेल तर वारसाचा फेरफार करून घ्या. आजोबांच्या नावावर पडून राहिलेला सातबारा नातवाला ऐनवेळी उपयोगी पडत नाही. तीन, हक्कसोडपत्रावर सही करताना विचार करा. हैदराबादेत दिलेल्या लेकी भावाच्या शब्दाखातर रजिस्टरवर अंगठा-सही करून मोकळ्या होतात. हिस्सा तर जातोच, आणि दुसरीकडे शेत नसेल तर महाराष्ट्रात पुन्हा शेत घेण्याचा हक्कही जातो.

शेवटचे दहा गुंठे विकतानाही हेच. त्या पैशाने हैदराबादेत फ्लॅटचा हप्ता भागेल. पण त्यानंतर गावच्या शिवारात परत यायचं, तर दारात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी उभी असेल.