घंगाळ, पिंप की टब?



भातलावणीच्या दिवसांत मानकोलीला एका ओळखीच्या घरी जाणे झाले. रोपांविषयी बोलणे आटोपले आणि हातपाय धुवायला परसात गेलो. लेक बाळंतपणाला आलेली. आजीबाई नातवाच्या अंघोळीच्या तयारीत होत्या. ऊन पाणी काढले होते ते अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात. "गोदामाकडून स्वस्तात मिळालं, साहेब. तीनदा धुतलंय," त्या म्हणाल्या. पिंपाच्या अंगावर कवटीच्या चिन्हाचा फाटका कागद मात्र तसाच चिकटलेला! मी हात जोडून ते पाणी वापरू दिले नाही. मग माळ्यावरून सासूबाईंच्या वेळचे तांब्याचे घंगाळ खाली आले. तेच पुढच्या आठवड्यात मोडीत जायचे होते.

म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून न्हाणीघराचे बोलू.

तांबे-पितळ : पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून बंब, घंगाळी ठोकून घडवली जातात. तांबे उष्णता झटकन घेते, म्हणून बंब तांब्याचा. पण ते उष्णता तितक्याच लवकर सोडते, तेव्हा घंगाळातले पाणी फार वेळ ऊन राहत नाही. चिंच-मिठाने घासायचा त्रास आहे खरा. पण भांडे गळले तर डाख देता येतो आणि पिढ्या वापरूनही मोडीला भाव येतो.

जस्ती पत्रा : जस्ताचा थर स्वतः आधी झिजतो आणि आतले लोखंड वाचवतो. थर संपला की गंज धरलाच. विहिरीचे पाणी खारट असेल तर हे लवकर होते. खाडीकाठच्या गावांनी ध्यानात ठेवावे.

स्टेनलेस स्टील : क्रोमियममुळे गंजत नाही, घासायला सोपे. मात्र खारट पाणी साचून राहिले तर त्यालाही बारीक छिद्रे पडतात. रात्री भांडे रिकामे करून उपडे घालावे.

प्लास्टिक : हलके, स्वस्त, पाण्याची ऊब टिकवणारे, पण उन्हात राहिले की तडकते. नवे घ्यावे. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पूर्वी पोटात काय होते ते सांगत नाही. रसायनाच्या पिंपावरही बहुधा तोच २ आकडा असतो!

आता बाथटबविषयी. जिथे खाचरे होती तिथे गोदामे आली, बंगले आले. तरुण मंडळी टब बसवू म्हणतात. हौसेला नाही कशाला म्हणू? पण हिशेब करा. बादलीत १५-२० लिटरमध्ये अंघोळ उरकते. टब भरायला दीडशे-दोनशे लिटर लागतात. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, वर टबाचे आणि माणसाचे वजन. माडीवर बसवायचा तर आधी इंजिनिअरला विचारा. बिडाचा मुलामा दिलेला टब टिकाऊ, पण टबच शंभर किलोच्या वर भरतो. ॲक्रिलिकचा हलका, अंगाला गार लागत नाही, ओरखडे घासून काढता येतात. फायबरचा स्वस्त, पण वरची चकाकी लवकर जाते.

भांडे कोणतेही असो, तीन गोष्टी पाळा. आधी गार पाणी, मग कढत; आणि बाळाला घालण्यापूर्वी पाण्यात आपले कोपर बुडवून पाहा. अंघोळ झाली की पाणी लगेच ओता, कारण वीतभर पाण्यातही रांगते मूल बुडते. पाणी साठवायची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा, म्हणजे डेंग्यूच्या डासाची अळी वाढणार नाही.

आता पुन्हा त्या निळ्या पिंपाकडे येतो. प्लास्टिक रसायन पिऊन बसते. धुतल्याने वरवरचे जाते. आत मुरलेले ऊन पाण्यात पुन्हा उतरू शकते. बाळाची कातडी पातळ. त्यातून ते पाणी परसातल्या अळूला, केळीला जाते, म्हणजे फिरून आपल्याच ताटात येते. औषध फवारल्यावर डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, असे मीच तुम्हांला सांगत आलो. पण ते डबा भोसकून निकामी करण्यापूर्वीचे विसळणे आहे, घरात वापरायला घेण्यासाठीचे नव्हे. बहुधा आजीबाईंनी माझे तीनदाच तेवढे लक्षात ठेवले. पुढचे मी नीट समजावून सांगायला हवे होते.

तेव्हा आज एवढे करा. घरातले प्रत्येक पिंप पाहा. ते कशाचे होते हे खात्रीने सांगता आले नाही, तर त्यात पिण्याचे, अंघोळीचे, गुरांचे, कसलेच पाणी भरू नका. तळाला भोके पाडून ठेवा, म्हणजे दुसरेही कोणी भरणार नाही.

त्या घरचे घंगाळ आता चिंचेने घासून लखलखीत झाले आहे. मोडीवाला रिकाम्या हाताने गेला.